बोट सरळ होते आणि लगेच माझ्याच अंगावर पडते. काय चुकतंय?

ओलीचिंब:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा लिहितेय तर सांभाळून घ्या. वय ४३, वजन ५२ किलो, पोहता बऱ्यापैकी येतं, सेलिंग शिकायला लागून तीन महिने झाले. क्लबची एकट्याने चालवायची डिंगी म्हणजे छोटी शिडाची बोट आहे, लेझर, जिला आता इल्का म्हणतात ती, मधलं शीड म्हणजे ५.७६ चौरस मीटरवालं. शिकवताना सरांनी मुद्दाम तीनदा पलटी करायला लावली होती आणि तिन्ही वेळा मी झोकात सरळ केली, सगळ्यांनी टाळ्या पण वाजवल्या. तेव्हा वारा जवळजवळ नव्हताच म्हणा.

गेल्या रविवारी मात्र पार वाट लागली. वारा चांगला होता, मधूनच झोत येत होते, जाइब करताना, म्हणजे वारा पाठीमागून असताना शीड दुसऱ्या बाजूला नेताना, बूम म्हणजे शिडाखालची आडवी काठी इकडून तिकडे धाडकन आली आणि मी पाण्यात. घाबरले नाही. शिकवल्याप्रमाणे शीट, म्हणजे शीड आतबाहेर करायची दोरी, हातात धरून मागून वळसा घालून पोहत डॅगरबोर्डपाशी, म्हणजे तळातून बाहेर येणाऱ्या फळीपाशी गेले, तिथे जरा दम खाल्ला, डोळ्यावरचे केस बाजूला केले, बूट सैल झाला होता तो ओढून घेतला आणि मग बोर्डला लटकले. आधी काहीच हलेना. मग हळूहळू शीड वर यायला लागलं आणि अचानक, म्हणजे खरंच अचानक, बोट अशी फाडकन उठली की सरळ उभी न राहता तशीच पुढे येऊन माझ्या बाजूला आडवी झाली आणि मी शिडाखाली. दोन सेकंदच असतील पण अंधार आणि डोक्यावर ओलं कापड, तो प्रकार अजून झोपेत आठवतो. परत केलं, परत तेच. तिसऱ्यांदा तर पूर्ण पालथी झाली, डोलकाठी खाली आणि तळ आभाळाकडे. शेवटी कशीबशी सरळ झाली तर मला वर चढता येईना, हातात जीवच नव्हता राहिला. सेफ्टी बोटवाल्याने मांजराच्या पिल्लासारखं जॅकेटला धरून उचललं.

घरी सांगितलं तर नवरा म्हणतो जिम लाव, ताकद कमी पडते. क्लबमधले एक काका म्हणाले ५२ किलोला ही बोट झेपायची नाही. खरंच ताकदीचा प्रश्न आहे का? की मी काहीतरी चुकीचं करतेय? आणि ते शिडाखाली अडकण्याचं काय करायचं? प्लीज जाणकारांनी सांगा, येत्या रविवारी परत जायचंय आणि खरं सांगायचं तर जावंसं वाटत नाहीये.

वाऱ्याचा_वारकरी:
ताई, ताकदीचा काही संबंध नाही, तुमचं उत्तर तुम्हीच लिहिलंय. "जरा दम खाल्ला, केस बाजूला केले, बूट ओढून घेतला." तेवढ्या वेळात बोट फिरली.

जरा डोळ्यासमोर आणा. बोट जेव्हा पलटी होते तेव्हा बहुतेक वेळा वारा तिला पलीकडे ढकलतो, म्हणजे डोलकाठी वारा जिकडे चाललाय त्या दिशेला पडते. त्या क्षणी तुम्ही बोर्डवर असाल तर सोप्पं काम, कारण शीड वर येताना वारा त्याला वरून दाबतो, बोट सावकाश उठते आणि तुम्ही वाऱ्याच्या बाजूला राहता. पण तुम्ही वेळ काढलात की काय होतं, हलचा, म्हणजे बोटीच्या मुख्य धडाचा, अख्खा तळ वाऱ्याला भिंतीसारखा उभा असतो आणि शीड पाण्यात नांगरासारखं रुतलेलं असतं. वारा हलला ढकलतो, शीड जागचं हलत नाही, मग हल शिडाभोवती गोल फिरतो आणि थोड्या वेळाने डोलकाठीचं टोक वाऱ्याकडे येतं. आता तुम्ही लटकलात, शीड पाण्यातून वीतभर सुटलं की त्याच्याखाली वारा शिरतो आणि छत्री उलटावी तसं उचलून तुमच्या डोक्यावर आणून टाकतो. तुम्ही जे "अचानक" लिहिलंय ना ते हेच. म्हणजे ताकद कमी पडली नाही, उलट वाऱ्याने नको तेवढी मदत केली.

मग करायचं काय. बोर्डला हात लावायच्या आधी एकदा डोलकाठीच्या टोकाकडे बघायचं आणि वारा गालावर कुठून लागतोय ते बघायचं. टोक वाऱ्याकडे असेल तर लटकायचंच नाही. पोहत नाळेकडे जायचं, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, आणि तिथे धरून नुसतं पाण्यात राहायचं. तुमचं शरीर नांगराचं काम करतं, बाकीची बोट वाऱ्याबरोबर मागे जाते आणि नाळ आपोआप वाऱ्याकडे होते. अर्धा मिनिट, एक मिनिट लागेल. दमलेल्या माणसाला तेवढीच विश्रांती पण होते. मग बोर्डपाशी जाऊन उचला, फडफडत गपचूप वर येईल.

दुसरा उपाय थोडा गमतीचा आहे पण मला आवडतो. टोक वाऱ्याकडे असतानाच उचला, बोट तुमच्या बाजूला येणार हे धरूनच चाला, फक्त बोर्ड सोडू नका. हलला लागून जिथे बोर्ड बाहेर येतो तिथे मिठी मारल्यासारखं धरा, श्वास घ्या आणि बोटीबरोबर खालून जा. तुम्ही हलच्या पलीकडे बाहेर येता, शीड तुमच्या अंगावर पडतच नाही, आणि तुमच्या वजनाने बोट पालथी व्हायची पण थांबते. आता डोलकाठी योग्य बाजूला आहे, लगेच परत उचला. पहिल्यांदा हे शांत पाण्यात कोणीतरी शेजारी असताना करा, एकदम वाऱ्यात नको.

अजून दोन गोष्टी. शीट क्लीटमध्ये, म्हणजे दोरी पकडून ठेवणाऱ्या खाचेत, अडकलेली नव्हती ना? आणि किकर, म्हणजे बूम खाली ओढून धरणारी दोरी, किती आवळलेला होता? हे दोन्ही घट्ट असेल तर बोट सरळ होताच शिडात वारा भरतो आणि ती एकतर पळते नाहीतर परत आडवी होते. उचलायच्या आधी शीट पूर्ण मोकळी आणि हात पोचत असेल तर किकर ढिला.

कोरडे_कपडे:
बूच लावलं होतं का?

मुक्काम_पोस्ट_पाणी:
वारकरी, नेहमीप्रमाणे सविस्तर, +१.

५२ किलोवाल्या काकांना माझा नमस्कार सांगा. या बोटीचा हल जेमतेम ५९-६० किलोचा असतो, लांबी ४.२३ मीटर, आणि तुमच्याहून हलकी पोरं ती रोज पाडतात आणि रोज उचलतात. इथे वजनापेक्षा तरफ महत्त्वाची. बोर्डवर हलपासून जितकं बाहेर उभं राहाल तितका जोर जास्त पडतो, साधा शाळेतला सी-सॉ. पण इथे मी एक स्वानुभव सांगतो, मी अक्कलहुशारीने पार टोकावर जाऊन उड्या मारल्या होत्या आणि बोर्ड कडकन मोडला. मग ना बोट सरळ, ना घरी जायला बोर्ड. क्लबला नवा बोर्ड भरून द्यावा लागला तो वेगळाच. तेव्हापासून माझा नियम असा की आधी हलजवळ उभं राहायचं, हात गनवेलला, म्हणजे बोटीच्या वरच्या कडेला, पाय सरळ, पाठ मागे टाकून अंग ताठ ठेवायचं आणि थांबायचं. उडी नाही, झटका नाही. शिडावर पाणी असतं ते ओघळून जायला वेळ लागतो, पहिले दहापंधरा सेकंद काहीच होत नाहीये असं वाटतं आणि तिथेच लोक धीर सोडून परत पाण्यात उतरतात. अगदीच हलली नाही तर पाऊल पाऊल बाहेर सरका.

पालथी झाली तर घाई अजून कमी. कडेच्या ओठावर पाय, हातात बोर्ड, मागे झुकायचं. डोलकाठीत पाणी शिरलेलं असू शकतं, पाण्याखालचं सगळं शीड ओढत आणायचं असतं, ते मारुतीच्या शेपटीसारखं संपतच नाही असं वाटतं, पण येते, आडव्यापर्यंत आली की पुढचं नेहमीचंच. फक्त निघायच्या आधी बघा की बोर्डला रबराची दोरी बांधलेली आहे, नाहीतर पालथी झाल्यावर बोर्ड खाचेतून खाली सटकतो आणि धरायला काही उरतच नाही. सुकाणूची क्लिप बघा. डोलकाठी अडकवणारी दोरी बघा, या बोटीत काठी नुसती भोकात उभी असते, पालथी झाली की सरळ बाहेर येते. मी हे तिन्ही प्रकार पाहिलेत, एकाच दिवशी नाही पण पाहिलेत.

वर चढायचं: पाण्यात उभे असताना स्वतःला वर ओढू नका, हात लगेच संपतात आणि पाय बोटीखाली जातात. आधी जोरात पाय मारून अंग पाण्यावर आडवं आणा आणि मग गनवेल पोटाखाली ओढल्यासारखं करत पुढे सरका. मगर काठावर येते ना, तसं. दिसायला अजिबात चांगलं दिसत नाही. वाऱ्याच्या बाजूने चढा आणि आतला पाय अडकवायचा पट्टा हाताला लागला की जिंकलात. तरी जमत नसेल तर शीटच्या दोरीचा एक फास करून पाण्यात सोडा आणि त्यात पाय ठेवून पायरी करा. मागून चढणं हलक्या माणसाला सोपं जातं, मागची बाजू खाली असते आणि बोट कलंडत नाही, पण टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, बरगडीत घुसतो आणि तोवर बोट वाऱ्यावरून वळून पळायला लागू शकते, म्हणून मला ते फारसं पटत नाही.

निवांत_नाना:
एवढा खटाटोप कशाला, पालथी झाली तर सोडून द्यायची आणि पोहत काठाला यायचं. बोट क्लबची आहे, ते आणतील. पोहता येतंय ना?

वाऱ्याचा_वारकरी:
नाना, माफ करा पण हे कृपया कोणी मनावर घेऊ नका. काठ पाण्यातून नेहमी जवळ दिसतो. जॅकेट घालून, बूट घालून, लाटांमध्ये पोहणं हे तलावात सकाळी पोहण्यासारखं नसतं, आणि बोटीशेजारचं डोकं सेफ्टी बोटीला दिसतं, एकटं डोकं दिसत नाही. पाणी थंड असेल तर अजून वाईट. थंड पाण्याचा एक हिशेब सगळ्या शिकाऊ लोकांना सांगतात, १-१०-१. पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, कारण धाप लागते आणि नाकातोंडात पाणी जातं, मग साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि साधारण १ तासाने थंडीने शुद्ध हरपायला लागते. म्हणजे बोट सरळ करायची तुमची वेळ ती मधली १० मिनिटं. दोनतीन प्रयत्नांत नाही झाली तर तळावर चढून बसा आणि दोन्ही हात बाजूला पसरून हळूहळू वरखाली करा, ही आंतरराष्ट्रीय संकटाची खूण आहे, लांबून कळते. बोट सोडायची नाही.

निवांत_नाना:
बरं बाबा. मी आपला गुडघाभर पाण्यातला माणूस.

दोन_जणांची_बोट:
शिडाखालच्या भीतीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी बायकांच्या बॅचला शिकवते आणि जवळजवळ प्रत्येकीला हीच भीती असते, पुरुषांना पण असते, ते सांगत नाहीत एवढंच.

शिडाखाली आलात तर आधी हात डोक्यावर सरळ वर करा आणि कापड वर ढकला. कापड पाण्याला चिकटलेलं असतं, ढकललं की हवेचा तंबू होतो. तिथे तोंड वर करून श्वास घ्या. मग शिवण किंवा बॅटन, म्हणजे ती शिडातली पट्टी, हाताला लागेल ती धरून एकाच दिशेने सरकत जा. शिवण कुठेतरी कडेलाच संपते. दिशा बदलायची नाही, गरगर फिरायचं नाही. ५.७६ चौरस मीटर म्हणजे एका छोट्या खोलीएवढं कापड आहे, कुठल्याही जागेवरून कड दोनतीन हातांवर असते. पालथ्या बोटीखाली आलात तर बहुतेक दोन जणांच्या खोलगट बोटीत आत भरपूर हवा असते, तिथे थांबून दोऱ्या पायातून काढा आणि मग खाली बुडी मारून बाहेर या. तुमच्या बोटीत कॉकपिट उथळ आहे, त्यावर भरवसा ठेवू नका, सरळ बाहेर.

आणि हे मुद्दाम करून बघा. वारा नसताना, काठाजवळ पण डोलकाठी चिखलात रुतणार नाही एवढ्या खोल पाण्यात, बोट आडवी करा आणि स्वतःहून शिडाखाली जा. पहिल्यांदा दोन सेकंद, मग पाच, मग आत जाऊन एक श्वास घेऊन बाहेर. माझ्या एका विद्यार्थिनीने तिथे बसून गाणं म्हटलं होतं. अंगाला माहीत झालं की तिथे हवा असते, मग झोपेत आठवायचं बंद होतं.

जॅकेट कुठलं आहे तुमचं? डिंगीला ५० न्यूटनचं फोमवालं बॉयन्सी एड ठीक असतं, पोहता येणाऱ्यांसाठी. पाण्यात पडताच आपोआप फुगणारं नको, ते फुगलं की तुम्ही शिडाला चिकटून बसता आणि बुडी मारता येत नाही.

(दोन जण असाल तर सगळंच सोपं, एक जण बोर्डवर आणि दुसरा आत पट्टा धरून आडवा तरंगत राहतो, बोट उठताना तो आपोआप आत उचलला जातो. फक्त सतत एकमेकांशी बोलत राहायचं, गप्प माणूस कुठे आहे ते कळत नाही. पण तुमचा प्रश्न तो नाही.)

ओलीचिंब:
बापरे एवढं सगळं! सगळ्यांना मनापासून धन्यवाद. वारकरी, मी आठवून पाहिलं, वारा तेव्हा माझ्या पाठीवर लागत नव्हता, समोरून, हलच्या पलीकडून येत होता, म्हणजे डोलकाठी वाऱ्याकडेच होती. शीट मोकळी होती पण किकर चांगलाच आवळलेला, मी तो कधी ढिला करतच नाही कारण त्या दोऱ्यांची मला भीती वाटते. जॅकेट फोमचंच आहे. मगरीची आयडिया वाचून नवरा अजून हसतोय.

कोरडे_कपडे, बुचाचं मला कळलं नाही. मागे ते छोटं बूच असतं ते ना? लावलं होतं की, मीच लावलं.

कोरडे_कपडे:
हो तेच. लावलं असेल पण त्याचं वॉशर? तुम्ही लिहिलंय पहिल्या दोन वेळा आडवीच राहिली आणि तिसऱ्यांदा पालथी गेली, आणि सरळ झाल्यावरही तुम्हाला चढता येईना. हलच्या आत पाणी शिरलं तर नेमकं असंच होतं. वरून काही दिसत नाही, पण आतलं पाणी बोट जिकडे कलेल तिकडे धावतं आणि तिला अजून कलवतं. दर पलटीला थोडं अजून शिरतं. बोट जड, सुस्त आणि दारू प्यायल्यासारखी. रविवारी पाण्यात न्यायच्या आधी बोट हलवून कान लावा, आत खळखळ आली तर बूच काढून नाळ उंच करून ठेवा आणि किती निघतंय बघा.

मुक्काम_पोस्ट_पाणी:
एका ओळीच्या प्रश्नात मेलेला साप बाहेर काढला राव तुम्ही. मी एवढा निबंध लिहिला आणि बूच विचारायचं सुचलं नाही.

ओलीचिंब:
अपडेट देतेय, उशीर झाला.

खळखळ होती. बूच काढलं तर तीनचार मिनिटं धार चालू होती, क्लबचा पोरगा बघतच राहिला. वॉशर चपटं होऊन एका बाजूने फाटलं होतं. नवीन लावलं.

मग दोन_जणांची_बोट ताईंनी सांगितल्याप्रमाणे वारा नसताना शिडाखाली गेले. पहिल्यांदा लगेच बाहेर. दुसऱ्यांदा हात वर केले तर खरंच तंबू झाला, आणि आत पांढरा पांढरा उजेड होता, मला अंधार आठवत होता तो बहुतेक मी डोळे मिटले होते म्हणून. गाणं नाही म्हटलं, पण शेजारच्या बोटीतल्या मुलीला आतून "आहे मी" असं ओरडून सांगितलं.

दुपारी वारा आल्यावर चार वेळा पलटी केली, त्यातली एक मुद्दाम नव्हती. दोनदा लगेच बोर्डवर पोचले, काहीच त्रास नाही. एकदा टोक वाऱ्याकडे गेलं तेव्हा नाळ धरून थांबले, मनात साठ मोजले, चाळीसला बोट वळली होती. चौथ्यांदा मिठी मारून खालून जायचं करून पाहिलं, सेफ्टी बोट शेजारीच होती, नाकात पाणी गेलं पण बाहेर आले तर शीड खरंच पलीकडे होतं. किकर प्रत्येक वेळी ढिला केला. चढायला दोनदा मगर, दोनदा दोरीचा फास. उजव्या मांडीला हे मोठं काळंनिळं झालंय.

एक शंका राहिली. वारा पाठीमागून असताना बोट डुलायला लागते आणि एकदा डावीकडे एकदा उजवीकडे करत शेवटी माझ्याच बाजूला, म्हणजे वाऱ्याकडे पडते. ही ती मुद्दाम नव्हती ती. शीड पूर्ण बाहेर सोडलेलं होतं.

वाऱ्याचा_वारकरी:
वा ताई, मान गये. पूर्ण सोडलं होतं तेच कारण, आणि किकर तुम्ही आता उत्साहाने जरा जास्तच ढिला ठेवला असणार. शिडाचं वरचं टोक पिळून पुढे गेलं की ते बोटीला तुमच्या बाजूला ढकलतं. वाऱ्याबरोबर जाताना किकर थोडा आवळलेला हवा, बूम काटकोनाच्या थोडी आतच ठेवायची, बोर्ड पूर्ण वर न घेता थोडा खाली सोडायचा. डुलायला लागली की शीट हातभर ओढा आणि नाळ थोडी वाऱ्याकडे वळवा, म्हणजे हल काठीखाली परत येतो. उलट वळवलंत तर पडलात. पलटी झाल्यावर मात्र किकर परत ढिला.

ओलीचिंब:
म्हणजे आता आवळायचा आणि पडल्यावर ढिला. दोऱ्यांची भीती घालवावी लागणार एकूण. बोटीतलं पाणी थांबलं पण, उजव्या कानातलं अजून निघतंय.

कोरडे_कपडे:
कानाचं वॉशर आमच्याकडे नाही.